भाकीत सांगा, पण ट्राय-पेनल्टीची फोड करून

महोदय,

रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना आठवड्यावर आला की चाहत्यांच्या जिभा सैल सुटतात आणि क्रीडा पानेही त्यात मागे राहत नाहीत. ‘न्यूझीलंड तीस गुणांनी’, ‘इंग्लंडचा खेळ पाहून झोप येते’, ‘दक्षिण आफ्रिकेला धक्काबुक्कीशिवाय काय येतं?’ अशा टोमण्यांना आमची ना नाही. त्यांच्याविना अंतिम सामन्याचा आठवडा अळणी जाईल. तक्रार आहे ती भाकितांच्या पुराव्याबद्दल. बहुतेक भाकिते एकाच पायावर उभी असतात: उपांत्य सामना कोणी जास्त दणक्यात जिंकला? पाया भक्कम वाटतो, म्हणून एकदा मोजून पाहिला.

पुरुषांच्या विश्वचषकाचे 1987 ते 2023 या काळात 10 अंतिम सामने झाले. प्रत्येक वेळी दोन्ही संघ उपांत्य फेरीत किती गुणांनी जिंकले ते शेजारी-शेजारी मांडले. मोठ्या फरकाने जिंकून आलेला संघ 1987, 1991, 2003, 2007 आणि 2011 मध्ये विश्वविजेता ठरला. 1995, 1999, 2015, 2019 आणि 2023 मध्ये तोच हरला. पाचास पाच! नाणे उडवले असते तरी एवढेच हाती लागले असते.

उलटलेली उदाहरणे तर बोलकी आहेत. 1995 मध्ये न्यूझीलंडच्या जोना लोमूने इंग्लंडवर 4 ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणे, 5 गुण) केले, न्यूझीलंड 45–29 जिंकले. तिकडे दक्षिण आफ्रिका डर्बनच्या चिखलात फ्रान्सला 19–15 अशी कशीबशी निसटली. अंतिम सामन्यात एकही ट्राय झाला नाही आणि जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने (चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक, 3 गुण) दक्षिण आफ्रिका 15–12 जिंकली. 1999 मध्ये फ्रान्सने न्यूझीलंडला 43–31 लोळवले, पुढच्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून 35–12 मार खाल्ला. 2019 मध्ये इंग्लंडने न्यूझीलंडला 19–7 असे गप्प केले आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेपुढे 32–12 कोसळले. 2023 मध्ये न्यूझीलंडने अर्जेंटिनाला 44–6 धुतले, दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला 16–15 असे एका गुणाने टाळले. चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला ते सर्वांना माहीत आहे.

‘हेच दोन संघ गटात भिडले होते, तेव्हा काय झालं ते बघा’ हा दुसरा लाडका पुरावा. 2007 मध्ये दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला गटात 36–0 हरवले होते, अंतिम सामन्यात 15–6. 2011 मध्ये न्यूझीलंडने फ्रान्सला गटात 37–17 हरवले होते, अंतिम सामन्यात 8–7. दोन्ही वेळा विजेता बदलला नाही, पण फरक 36 वरून 9 वर आणि 20 वरून 1 वर आला. म्हणजे गटातल्या सामन्यावरून विजेता सांगितलात तर एकवेळ चालेल. ‘चिरडणार’ मात्र म्हणू नका.

मग पाहायचे काय? आमच्या मते सगळ्यात आधी राखीव बाक. अंतिम सामन्याचे संघ जाहीर होतात तेव्हा सगळ्यांचे डोळे 1 ते 15 क्रमांकांवर खिळतात. खरी गोष्ट 16 ते 23 मध्ये दडलेली असते. त्यातले पहिले तिघे ठरलेलेच: हुकर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे प्रॉप. स्क्रमची, म्हणजे दोन संघांचे आठ-आठ जण एकमेकांत अडकून चेंडूसाठी ढकलतात त्या रचनेची, ही पहिली रांग प्रशिक्षित खेळाडूंनीच भरावी लागते, नाहीतर स्क्रम बिनधक्क्याचा होतो. प्रशिक्षकाचा डाव उरलेल्या पाच जागांत दिसतो. त्यात दोन फॉरवर्ड (स्क्रममध्ये ढकलणारे) आणि तीन बॅक (मागे राहून धावणारे) असले तर आधीच्या तिघा फॉरवर्डांसह नेहमीची 5–3 वाटणी. 6–2 असेल तर शेवटची अर्धी घटका ताकदीवर खेळायचा बेत आहे असे समजा. 7–1 असेल तर प्रशिक्षक जुगार खेळतोय. बॅकपैकी दोघे जखमी झाले तर बाकावर एकच पर्याय, आणि मग एखादा फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड, धावपटूच्या जागी उभा राहतो.

2023 च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने हाच जुगार खेळला. राखीव बॅक एकटा विली ल रू. गंमत अशी की जुगार भलत्याच ठिकाणी अंगाशी आला. सामना सुरू होऊन तीन-चार मिनिटे होतात न होतात तोच हुकर बोंगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला. संघातला दुसरा अव्वल हुकर माल्कम मार्क्स स्पर्धेच्या मध्यातच जखमी होऊन घरी परतला होता. म्हणून मुळात फ्लँकर असलेला डिऑन फूरी उरलेला सगळा सामना हुकर म्हणून खेळला. लाइनआउटमध्ये, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू पुन्हा खेळात आणताना, तो फेकायचे काम हुकरचे. दोन रांगांच्या बरोबर मधून, उडी मारलेल्या गड्याच्या हातात, तोही तो सर्वांत उंचीवर असताना. हे सवयीचे काम आहे. त्या रात्री दक्षिण आफ्रिकेचा लाइनआउट डळमळला तो त्यामुळेच. आणि आणखी एक वळण: मार्क्सच्या जागी संघात कोणाला बोलावले होते? हुकरला नव्हे, किकर हान्ड्रे पोलार्डला. त्यानेच 4 पेनल्टी (नियमभंगाबद्दल मिळालेली खांबांवरची किक) मारून संघाचे सगळे 12 गुण केले. हे भाकीत कोणत्याही चाहत्याने केले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

बाकानंतर स्क्रम. बहुतेक प्रेक्षक स्क्रम सुरू झाला की पाणी प्यायला उठतात आणि अंतिम सामना तिथेच फिरतो. क्रमांक 3 चा प्रॉप, म्हणजे टाइटहेड, हा स्क्रमचा खुंटा. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धी असतात, एका खांद्यावर समोरचा प्रॉप आणि दुसऱ्यावर हुकर ढकलत असतो. तो मागे सरकला की अख्खा स्क्रम तिरका होतो, कोसळतो, आणि पंच शिट्टी वाजवतो. 2019 मध्ये इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला जवळजवळ सगळा सामना एकट्याने निभावावा लागला, कारण टाइटहेडचा राखीव खेळाडू तोच होता. समोर आधी तेंडाई म्तावरिरा, आणि दुसरे सत्र सुरू होताच दक्षिण आफ्रिकेने दोन्ही प्रॉप ताजे उतरवले. स्क्रममधून मिळालेली प्रत्येक पेनल्टी म्हणजे एकतर थेट 3 गुण, नाहीतर चेंडू कडेबाहेर मारून 30-40 मीटर पुढे सरकणे, आणि लाइनआउट पुन्हा आपलाच. पोलार्डने त्या दिवशी 22 गुण केले. ट्राय उशिरा आले, मापिम्पी आणि कोल्बेचे. वर्तमानपत्रांत फोटो अर्थातच त्यांचे.

पण ताकदीचा स्क्रम असला म्हणजे भागले असे नाही. तो पंचाच्या नजरेत ताकदीचा ठरावा लागतो. 2003 मध्ये सिडनीत इंग्लंडचा स्क्रम ऑस्ट्रेलियापेक्षा वरचढ मानला जात होता. पंच आंद्रे वॉटसन यांनी मात्र शिक्षा वारंवार इंग्लंडलाच दिल्या. निर्धारित वेळेच्या अगदी शेवटी स्क्रमच्याच पेनल्टीवर ऑस्ट्रेलियाच्या एल्टन फ्लॅटलीने 14–14 अशी बरोबरी साधली. म्हणून पंचाचे नाव जाहीर झाले की त्याचे मागचे तीन-चार सामने डोळ्यांखालून घाला. स्क्रम कोसळला की तो पुन्हा लावायला सांगतो की चटकन शिक्षा देतो? रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत) चेंडूवर झेपावणाऱ्याला किती मोकळीक देतो? ऑफसाइडची रेष किती काटेकोर धरतो? याचे उत्तर मिळाले तर निम्मे भाकीत झालेच.

उरलेले निम्मे किकरच्या पायात. चाहते ट्राय मोजतात आणि ट्रायनंतरच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे, 2 गुण गृहीत धरतात. ते कसे चुकते हे एकदा मोजून बघण्याजोगे आहे. ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतच मागे जाऊन कन्व्हर्जन मारावे लागते. मागे किती जायचे एवढेच किकरच्या हातात. दोन खांबांतले अंतर 5.6 मीटर. मैदान 70 मीटर रुंद धरले आणि ट्राय कडेच्या रेषेपासून 5 मीटरवर झाला, तर किकर खांबांच्या मध्यापासून 30 मीटर बाजूला असतो. सर्वांत रुंद कोन मिळवायला त्याला साधारण 30 मीटर मागे जावे लागते. तिथून खांब 42 मीटर दूर आणि त्यांच्यामधली फट जेमतेम 5 अंशांची. तोच ट्राय खांबांच्या मधोमध झाला असता तर 22 मीटरवरूनही फट 14 अंशांहून जास्त दिसली असती. म्हणजे कोपऱ्यातला ट्राय भाकितात 7 नव्हे, 5 गुणांचाच धरावा आणि कन्व्हर्जन झालेच तर नशीब समजावे.

2023 मध्ये नेमके हेच घडले. न्यूझीलंडच्या बोडन बॅरेटचा ट्राय डाव्या कोपऱ्यात, रिची मोउंगाचे कन्व्हर्जन हुकले, नंतर जॉर्डी बॅरेटची लांबून मारलेली पेनल्टीही हुकली. हातचे 5 गुण गेले आणि सामना 12–11 असा एका गुणाने. 2011 मध्ये न्यूझीलंडच्या पिरी वीपूने दोन पेनल्टी आणि एक कन्व्हर्जन असे 8 गुण दवडले. डॅन कार्टर, कॉलिन स्लेड आणि एरन क्रूडन एकापाठोपाठ जखमी झालेले. शेवटी चौथ्या पसंतीच्या स्टीफन डोनाल्डने मारलेल्या एका पेनल्टीने विश्वचषक वाचवला. म्हणून संघाचा पहिला किकर कोण हे पाहणे पुरेसे नाही; तो बाहेर गेला तर चेंडू कोणाच्या पायाशी येणार तेही पाहा.

लाल कार्डाचा हिशेब आता वेगळा झाला आहे. 2023 मध्ये न्यूझीलंडचा सॅम केन लाल कार्ड मिळून पहिल्याच सत्रात बाहेर गेला आणि न्यूझीलंड 50 मिनिटांहून जास्त 14 जणांनी खेळले. त्यानंतर अनेक आंतरराष्ट्रीय सामन्यांत 20 मिनिटांच्या लाल कार्डाचा नियम वापरला गेला. दोषी खेळाडू परत येत नाही, पण 20 मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरतो. ‘एक कार्ड आणि खेळ खल्लास’ हे वाक्य यापुढे जपून वापरावे. तेव्हाही ते खरे नव्हतेच. 14 जणांचे न्यूझीलंड एका गुणाने हरले. तसेच 2022 मध्ये ऑकलंडला महिलांच्या अंतिम सामन्यात 18 व्या मिनिटाला लाल कार्ड मिळूनही इंग्लंड शेवटच्या क्षणापर्यंत झुंजले. 34–31 अशा पिछाडीवर, वेळ संपलेली, न्यूझीलंडच्या रेषेपासून 5 मीटरवर लाइनआउट. तिथून मॉल करून, म्हणजे चेंडूवाल्याभोवती घोळका करून, ढकलत नेणे हे इंग्लंडचे दिवसभराचे हत्यार. न्यूझीलंडने उडी मारून चेंडूच हिसकावला. सलग 30 सामने जिंकलेला इंग्लंडचा संघ तिथे थांबला.

आता थट्टेविषयी थोडे, कारण ती वाटते तितकी निरुपद्रवी नसते. 1991 मध्ये इंग्लंड फॉरवर्डच्या जोरावर अंतिम सामन्यात पोहोचले होते. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीझीने त्यांच्या कंटाळवाण्या खेळाची यथेच्छ टर उडवली. अंतिम सामन्यात इंग्लंडने आपला चालता डाव सोडला, चेंडू हातोहात खेळवायला गेले आणि 12–6 हरले. टोमण्यामुळेच हरले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण टोमणा मारणाऱ्याचे काही वाईट झाले नाही हे खरे. 2003 मध्ये उलटा अनुभव. सिडनीच्या पत्रकारांनी इंग्लंडला ‘म्हाताऱ्यांची फौज’ ठरवून आठवडाभर झोडपले. इंग्लंड जागचे हलले नाही. जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटात त्यांचा किकर जॉनी विल्किन्सनने आपल्या कच्च्या, उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला आणि सामना 20–17 संपवला. मग तिथल्या एका दैनिकाला मिश्कील माफीनामा छापावा लागला. न्यूझीलंडच्या हाकाला, म्हणजे सामन्याआधीच्या युद्धनृत्याला, व्ही आकारात उभे राहून सामोरे जाण्याच्या चर्चाही अशाच रंगतात. 2011 मध्ये फ्रान्सने ते अंतिम सामन्यात केले, 2019 मध्ये इंग्लंडने उपांत्य सामन्यात. एक हरले, एक जिंकले, दंड दोघांनाही झाला.

तेव्हा संपादक महाशय, एक साधी सूचना. पुढच्या वेळी वाचकांची भाकिते मागवाल तेव्हा नुसता ‘24–18’ असा आकडा स्वीकारू नका, त्याची फोड मागा. 24 म्हणजे कन्व्हर्जनसह 3 ट्राय आणि 1 पेनल्टी की 8 पेनल्टी? 18 म्हणजे 6 पेनल्टी की 2 ट्राय, 1 कन्व्हर्जन आणि 2 पेनल्टी? हे दोन अगदी वेगळे सामने आहेत. एखाद्या संघाला 4 गुण देणारा वाचक तर तिथेच बाद, कारण रग्बीत 1, 2 आणि 4 हे आकडे होतच नाहीत. फोडीखाली दोन ओळी हव्यात: बाकाची वाटणी किती, आणि पहिला किकर बाहेर गेला तर कोण मारणार. 80 मिनिटांनंतर बरोबरी असेल का तेही विचारा. दहापैकी दोन अंतिम सामने जादा वेळेत गेले आहेत आणि भाकीत करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी ते लिहितो.

आमचे भाकीत आजच नोंदवून ठेवतो. 13 नोव्हेंबर 2027 रोजी सिडनीत अंतिम सामना आहे. कोणते दोन संघ येतील ते आम्हाला ठाऊक नाही, आणि फरकही पडत नाही. आजवरच्या दहापैकी सात अंतिम सामन्यांत दोन्ही संघांचे मिळून 40 पेक्षा कमी गुण झाले. सिडनीतही 40 च्या आतच राहतील. चुकलो तर हेच पत्र पुन्हा छापावे, वर मथळा तुमच्या पसंतीचा.

आपले,
काही रग्बीप्रेमी वाचक