नकाशे जपलेत, पण दाखवतं कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, विद्यापीठांच्या ग्रंथालयांमधल्या गाजलेल्या नकाशांवरचा लेख वाचला. चित्रं सुरेख छापली आहेत, मांडणीही छान आहे. अशा विषयाला पानभर जागा दिलीत याबद्दल मनापासून आभार. तरी दोन गोष्टी खटकल्या. एक साधी चूक आहे. दुसरी मात्र मनाला लागली.

आधी चूक. अमेरिकेच्या येल विद्यापीठातला ‘विनलँड नकाशा’ लेखकाने ‘कोलंबसाच्या आधी काढलेला अमेरिकेचा नकाशा’ म्हणून दिला आहे. तो बनावट आहे. १९६५ साली येलने तो मोठा गाजावाजा करून जगापुढे आणला हे खरं. पण १९७०च्या दशकातच त्याच्या शाईत टायटेनियमचं असं संयुग सापडलं, की ते रंगात वापरायला सुरुवात झाली तीच मुळी १९२०च्या सुमाराला. ज्यावर नकाशा काढला ते कातडं जुनं, रेघा नव्या. २०२१ मध्ये खुद्द येलनेच पुन्हा सगळा नकाशा तपासून तो खोटा असल्याचं जाहीर केलं. आपल्याच संग्रहातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू खोटी आहे हे ज्या ग्रंथालयाने उघडपणे सांगितलं, त्याचा तो मोठेपणा लेखात यायला हवा होता. त्याऐवजी १९६५ची बातमी पुन्हा छापली गेली.

आता दुसरी गोष्ट. लेखाच्या शेवटी लेखक म्हणतात, आपल्याकडे नकाशे जपण्याची सवयच नाही, म्हणून ते पाहायला परदेशाकडे डोळे लावावे लागतात. हे वाक्य मला मान्य नाही. आपल्याकडे नकाशे जपलेले आहेत. कपाटात आहेत, कुलपात आहेत, ते मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. ते मागणाऱ्याच्या हातात दिले जात नाहीत, हे खरं दुखणं आहे.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवच्या अलीकडचं, भीमेकाठचं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनाच्या गावठाणात आता तिसरी पिढी नांदते आहे. गावातल्या तरुण मंडळींनी जुन्या गावाची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मी भूगोलाचा मास्तर म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे दिलं. म्हाताऱ्या मंडळींना बसवून कागदावर गाव काढून घ्यायला लागलो, तर ओढा देवळाच्या वरच्या अंगाला नदीला मिळत होता की खालच्या, यावरून दोन मामांचं कडाक्याचं वाजलं. दोघंही ऐंशीच्या पुढचे, दोघंही त्याच ओढ्यात पोहलेले. आई म्हणाली, सरकारने मोजून काढलेला नकाशा असेल ना कुठेतरी, तोच आण.

नकाशा आहे. सर्वे ऑफ इंडियाची ‘४७ जे’ या गटातली जुनी टोपोशीटं, म्हणजे जमिनीचा बारीक तपशील दाखवणारे सरकारी नकाशे, एक इंचाला एक मैल या प्रमाणाची. त्यांत विहीर दिसते, देऊळ दिसतं, गाडीवाट दिसते. बारमाही पाण्याला निळा रंग आणि कोरड्या ओढ्याला काळी रेघ असते. ओढा नदीला कुठे मिळतो हे भिंग लावून चटकन सांगता येतं. सर्वे ऑफ इंडियाने २०१७ पासून टोपोशीटं संकेतस्थळावर मोफत ठेवली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती अलीकडची. ती उघडली की आजोळच्या जागी नुसता निळा रंग. आम्हाला धरणाआधीची हवी होती आणि ती आपल्या विद्यापीठांच्या भूगोल विभागांत आणि ग्रंथालयांत नक्की असतात, कारण प्रात्यक्षिकासाठी वर्षानुवर्षं ती विकत घेतली गेली आहेत.

म्हणून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. नाव लिहीत नाही. तळमजल्याच्या टोकाला करड्या रंगाचं लोखंडी कपाट, रुंद सपाट खणांचं. खणांवर पितळी चौकटीत शीटांचे क्रमांक, सुबक बोरूच्या अक्षरात. कुणीतरी फार प्रेमाने ते लावलेलं होतं. ‘४७ जे’चा खण माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, हे संरक्षण खात्याचं असतं, दाखवता येणार नाही. मी म्हटलं, इंदापूर ना समुद्रकाठी, ना सरहद्दीवर. मग म्हणाले, विभागप्रमुखांचं पत्र आणा. विभागप्रमुखांनी ग्रंथपालांकडे पाठवलं, ग्रंथपालांनी कुलसचिवांकडे. कुलसचिवांच्या कार्यालयात माझा अर्ज आवक क्रमांक पडून पडला आहे. आठवण करून द्यायला गेलो तेव्हा कळलं, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते सेवानिवृत्त झाले. खालच्या एका खणाच्या फटीतून शीटाची कड बाहेर आली होती. ती कसरीने चाळणी केलेली होती.

१५ फेब्रुवारी २०२१ला केंद्र सरकारने भू-माहितीचे नियम मोकळे केले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भारतीय माणसाला वा संस्थेला अशी माहिती गोळा करायला, तयार करायला, छापायला आता पूर्वपरवानगीची सक्ती नाही. मग साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, धरणात गेलेल्या गावांचं शीट नागरिकाला नुसतं पाहू देण्यात कसली अडचण? १८०२पासून मद्रासहून देशाची जमीन मोजत मोजत वर आलेला इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन १८२३ला आपल्या हिंगणघाटला काम करता करताच मेला, त्याची कबर तिथे आहे. त्या मोजणीच्या पायावर उभे राहिलेले हे नकाशे आहेत. ते कसरीला मोकळे आणि आम्हाला बंद, हे सहन होत नाही.

शेवटी पुतण्याने मार्ग काढला. तो सह्याद्रीत भटकणारा, त्या मंडळींना हे ठाऊक असतं. अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाचं पेरी-कास्तान्येदा ग्रंथालय आहे. तिथे अडीच लाखांहून जास्त नकाशे आहेत आणि त्यांतले कितीतरी स्कॅन करून सगळ्या जगाला खुले केलेत. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात सर्वे ऑफ इंडियाच्याच नकाशांवरून केलेली भारताची ‘यू ५०२’ मालिका त्यांत आहे. अर्ज नाही, पत्र नाही, फी नाही. चहा निवायच्या आत शीट पडद्यावर आलं. भीमा तिच्या जुन्या वळणांनी वाहते आहे, रेल्वे डिकसळच्या जुन्या पुलावरून जाते आहे, धरणाचा मागमूस नाही. आईने पडद्यावर बोट ठेवून नदी वरून खाली चालून पाहिली. पण त्या मालिकेचं प्रमाण एका सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. गावाच्या नावाला एवढासा ठिपका, ओढ्याचा प्रश्न त्यात सुटत नाही. तो सुटेल अशी शीटं आपल्याच राज्यात, आपल्याच पैशाने घेतलेली, बंद खणात आहेत.

आपल्या लेखकांनी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातला सेल्डन नकाशा दिला आहे, पण त्याची खरी गोष्ट सांगितलेली नाही. हा चिनी नकाशा जॉन सेल्डन या इंग्रज विद्वानाच्या संग्रहाबरोबर १६५९मध्ये तिथे आला. शतकानुशतकं तो एक जुनी चीज म्हणून पडून होता. २००८मध्ये रॉबर्ट बॅचलर नावाचे अमेरिकी इतिहासकार तिथे गेले, त्यांनी तो पाहायला मागितला आणि ग्रंथालयाने काढून दिला. तेव्हा कळलं, की त्यावर चीनच्या किनाऱ्यावरून जपान, फिलिपीन्स आणि मलाक्केपर्यंतचे जहाजांचे मार्ग बारीक रेषांनी आखलेले आहेत. इतकंच नव्हे, कालिकतजवळ एडन, ढोफार आणि होर्मुझला जायच्या दिशाही लिहून ठेवल्या आहेत. कुणी मागितला नसता, किंवा मागितल्यावर ‘पत्र आणा’ म्हटलं असतं, तर त्या रेषा आजही कुणाला दिसल्या नसत्या.

माझं मागणं मोठं नाही. काचेखाली ठेवायचा मौल्यवान नकाशा आपल्या विद्यापीठांकडे नसला तरी चालेल. आपल्याकडे कोणत्या क्रमांकाची, कोणत्या सालची शीटं आहेत एवढी यादी त्यांनी संकेतस्थळावर टाकावी आणि वाचनालयात एक मोठं टेबल आणि भिंग ठेवावं. स्कॅनिंग पुढे सावकाश होईल. कोयना, पानशेत, उजनी, जायकवाडी, सगळीकडच्या उठलेल्या गावांची माणसं त्या टेबलाशी येतील. ज्यांनी ती गावं पाहिली आहेत ती माणसं आता थकली आहेत, म्हणून घाई आहे. आपल्या प्रतिनिधींनी राज्यातल्या विद्यापीठांना हा एकच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं छापावीत, अशी विनंती करतो.

जाता जाता आणखी एक. नकाशांवर लेख छापणाऱ्या आपल्या पत्राने स्वतःच्या नकाशांकडेही पाहावं. गेल्या पावसाळ्यात भीमेच्या पुराचा जो नकाशा पहिल्या पानावर आला होता, त्यात ना प्रमाण होतं ना उत्तर दिशा आणि नीरा-भीमेचा संगम पंढरपूरच्या खाली दाखवला होता. तो नीरा नरसिंहपूरला आहे, पंढरपूरच्या बराच वर. नदीकाठची माणसं त्या दिवसांत तुमच्या नकाशावरून पाण्याचा अंदाज बांधत असतात. मी त्याच आठवड्यात पत्र पाठवलं होतं. दुरुस्ती अजून छापून आलेली नाही, ती कृपया छापावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, बारामती