ओवीच्या लशीची तारीख

सांगली,
९ ऑक्टोबर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. ओवी आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं असणार, याचं वाईट वाटतंय. एचपीव्ही विषाणूवरच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लशीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते. पण तू पाठवलेला मेसेज तीनदा वाचला, आणि २४ नोव्हेंबरला ओवीला पंधरा पूर्ण होतात.

मेसेज म्हणतो, लस ‘पेशींच्या वाढीचे मार्ग’ चालू करते आणि त्यातून कॅन्सर होतो. यातलं पहिलं अर्धं खरं आहे, म्हणून तर तू घाबरलीस. त्यात तुझी चूक नाही. कुठलीही लस टोचली की काखेतल्या लसिकाग्रंथींत अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी भराभर वाढतात, आणि मेसेजात ठळक केलेले पीआयथ्रीके, एमटॉर हे मार्ग त्यासाठीच वापरले जातात. साध्या सर्दीतही हेच होतं. गुडघा फुटून खपली धरते तेव्हा कातडीच्या पेशीही त्याच वाटेने वाढतात. काम संपलं की संदेश थांबतो, जास्तीच्या पेशी मरतात, सूज उतरते. कॅन्सरमधला बिघाड वेगळा आहे. तिथे वाढ थांबवणारे ब्रेकच गेलेले असतात.

त्यातले दोन मोठे ब्रेक म्हणजे आरबी आणि पी-५३ ही पेशीतली प्रथिनं. आरबी पेशीला विभाजनाच्या उंबऱ्यावर अडवून धरतं. पी-५३ डीएनए बिघडलेला दिसला की पेशीला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. एचपीव्ही १६ आणि १८ हे विषाणू नेमके याच दोघांवर उठतात. त्यांचं ई-७ हे प्रथिन आरबीला धरून बाजूला करतं, आणि ई-६ पी-५३ ला पेशीच्या कचऱ्यात पाठवतं. या विषाणूने असं बिघडवलेल्या गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा तुकडा पी-१६ साठी रंगवला की काचेवर अस्तर तळापासून वरपर्यंत चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी दिसतं. पी-१६ हे पेशीला ‘थांब’ सांगणारं प्रथिन. आरबी निकामी झालं की ते ऐकणारं कोणी उरत नाही, आणि पेशी ते बनवतच राहते.

नलूआत्या आठवते. दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या फिरवता फिरवता कमरेवर हात ठेवून थांबायची. आपण सगळे म्हणायचो, दमली असेल.

असो. ओवीच्या लशीत ई-६ नाही, ई-७ नाही, ते बनवणारे जीन्सही नाहीत. फक्त विषाणूच्या कवचाचं एल-१ प्रथिन आहे. सीरमची सर्व्हाव्हॅक असो की गार्डासिल, ते यीस्टमध्ये तयार करतात, आणि त्याचे रेणू एकमेकांना जुळून पोकळ गोळे बनतात. नुसती करवंटी, आत खोबरं नाही. शरीर त्या करवंटीवरून खरा विषाणू ओळखायला शिकतं. ब्रेक तोडायला त्यात काहीच नाही.

तू म्हणालीस, लशीतून असं कधी झालंच नाही का? हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो फोनवर उडवून लावला, ते चुकलं. १९५५ ते १९६३ या काळात पोलिओच्या काही लशींत एसव्ही-४० हा माकडांचा विषाणू राहून गेला होता, कारण त्या माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेल्या होत्या. १९६० मध्ये तो सापडला. त्याचं एक प्रथिन आरबी आणि पी-५३ यांनाच पकडतं. पी-५३ चा शोधही १९७९ मध्ये त्याच्यामागे जाताना लागला. हॅम्स्टरमध्ये त्याने गाठी झाल्या. ती लस घेतलेल्या माणसांवर पुढे कित्येक दशकं लक्ष ठेवलं, त्यांच्यात कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. तरीही चाचण्या कडक केल्या, आणि ते बरोबरच केलं. ओवीच्या लशीत माकडाच्या पेशी कुठेच येत नाहीत.

तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममचं प्रकरण मंदारने काढलं होतं. तिथे आणि वडोदऱ्यात झालेल्या एचपीव्हीच्या लसीकरणात सात मुली दगावल्या आणि २०१० मध्ये ते थांबवलं. चौकशीत सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक अशी कारणं निघाली, लशीशी संबंध सापडला नाही. पण कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. तो अन्याय खराच होता. म्हणून म्हणते, ओवीला समोर बसवून सगळं सांग. सही तुझी असली तरी हात तिचा आहे.

आता व्यवहाराचं. पंधरा पूर्ण व्हायच्या आत पहिला डोस घेतला तर सहा महिन्यांच्या अंतराने दोनच लागतात. नंतर सुरू केलं तर तीन: पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. जाताना तिला उपाशी नेऊ नकोस. लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. हलवल्यावर ती एकसारखी पांढुरकी दिसते. गोठून गेलेली असेल तर त्यातलं ॲल्युमिनियम गुठळ्या धरतं आणि ती वाया जाते, म्हणून संकोच न करता बघायला माग. यीस्टची ॲलर्जी किंवा ताप असेल तर आधी सांग. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेव. या वयाच्या मुलींना सुईनेच भोवळ येते, उभी राहिली की पडते. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते, पण झालीच तर ती बहुधा त्याच वेळात दिसते. त्या दिवशी सायकल नको. दंड दोन दिवस दुखेल. बॅच नंबर लिहून घे.

परत शिकवायला लागले, रागावू नकोस. मला ती एवढी धीट हवी आहे जेवढी तू आहेस. आणि भीती कशाची ते सांगते. हा विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. तेव्हा ओवी पस्तिशीची असेल, आणि मी सांगायला नसेन.

तुझीही एचपीव्हीची तपासणी राहिली आहे. तिशी उलटली की ती करायचीच असते, नलूआत्याची कोणी केलीच नाही. ओवीबरोबर तुझीही वेळ घे.

दिवाळीच्या आधीचा दिवस मिळतो का बघ आणि मला कळव. मी आदल्या रात्रीच्या एसटीने येते. ती पंधरा मिनिटं ओवीजवळ मी बसेन.

तुझी,
आई