ज्युरीच्या यादीत नाव असते, बाकावर माणूस नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील अमेरिकेच्या ज्युरीपद्धतीवरील, म्हणजे खटल्याचा निर्णय सामान्य नागरिकांच्या गटाने देण्याच्या पद्धतीवरील, लेख वाचला. ज्युरीत समाजाच्या सर्व थरांतील माणसे यावीत म्हणून नावांच्या याद्या व्यापक कराव्यात, हे लेखकाचे म्हणणे रास्त आहे. यादीतली चूक किती महागात पडते, हे कनेक्टिकटमध्ये दिसले होते. तेथील फेडरल न्यायालयाच्या संगणकाने हार्टफर्ड शहराच्या नावातले शेवटचे 'डी' हे अक्षर 'मयत' अशी खूण म्हणून वाचले, आणि कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या त्या शहराला ज्युरीच्या कामासाठी हजर राहण्याचे समन्सच जाईनासे झाले. हा घोळ 1992च्या एका निकालात नोंदला गेला आहे. परंतु यादी सुधारली की प्रश्न मिटला, हा लेखातला सूर मला मान्य नाही.

मी न्यू जर्सीत राहते. येथे मतदार, वाहन परवानाधारक आणि राज्याचा प्राप्तिकर भरणारे अशा नोंदी एकत्र करून यादी होते. तरीही मला समन्स आले त्या दिवशी जे पाहिले, त्याने मी आजही अस्वस्थ होते. माझ्या शेजारी गोदामात तासाच्या मजुरीवर काम करणारी एक बाई बसली होती. तिच्या हातात चार घड्या घातलेले वरिष्ठांचे पत्र होते: जितके तास गैरहजर, तितकी मजुरी कापली जाईल. ज्युरीच्या कामाचा पहिल्या तीन दिवसांचा भत्ता तेव्हा दिवसाला 5 डॉलर होता. तेवढ्यात दुपारचे जेवणही होत नाही. खटला दोन आठवडे चालेल असे न्यायाधीशांनी सांगताच तिने सुटका मागितली आणि त्यांनी ती दिली. त्यांचा तरी काय इलाज होता? जाताना, "मला थांबायचे होते," एवढेच ती मला म्हणाली. तिच्यामागून तशीच माणसे एकामागून एक उठून गेली. पुढे प्रश्नोत्तरांत प्रत्येकाने आपापले गाव सांगितले, तेव्हा लक्षात आले, की आरोपी तरुण ज्या भागातला होता, तिथले जवळजवळ कोणीच खोलीत उरले नव्हते. उरलो होतो ते निवृत्त, सरकारी नोकर आणि आमच्यासारखे पूर्ण पगारी रजा मिळणारे. कमी उत्पन्नाच्या ज्युरींना दिवसाला 100 डॉलर देण्याचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोने 2022मध्ये सुरू केला. लेखात त्याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.

पण सर्वांत जास्त राग मला आपल्याच माणसांचा येतो. येथील मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत समन्स टाळण्याच्या युक्त्या मोकळेपणाने सांगितल्या जातात. दिवसभर इंग्रजीत बैठका घेणारा एक गृहस्थ, 'इंग्रजी वाचता व समजता येते का?' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण करून मोकळा झाल्याचे अभिमानाने सांगत होता, आणि भोवतालचे हसत होते. नागरिकत्वाची शपथ घेताना सहकुटुंब छायाचित्रे काढायची आणि समन्स आले की खोटे लिहून द्यायचे, हे मला लज्जास्पद वाटते. उद्या आपल्यातलाच कोणी आरोपीच्या जागी उभा राहिला, तर त्याचे बोलणे-वागणे समजणारा एक तरी माणूस ज्युरीत कोठून येणार?

लोकमान्यांच्या 1908च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात नऊ जणांची विशेष ज्युरी बसली होती, तीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. 'केसरी'तले मराठी लेख भाषांतरावरून जोखले गेले. मराठी न जाणणारी ज्युरी नको, हा आक्षेप टिळकांच्या बाजूने आधीच घेतला होता. तो फेटाळला गेला. 7 विरुद्ध 2 मतांनी दोषी ठरवून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. हा इतिहास शाळेत शिकलेल्या आपण तरी ज्युरीतली जागा अशी सोडून द्यावी का?

जाता जाता आणखी एक. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यामुळे भारतातील ज्युरीपद्धत बंद झाली, असे लेखात ठामपणे म्हटले आहे. ती रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात 1958मध्येच केली होती. नानावटी प्रकरणातील गोळीबार एप्रिल 1959मधला आहे. ही दुरुस्ती कृपया छापावी.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी