‘नाही’ म्हणणाऱ्यांनाही जागा द्या

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या २५० वर्षांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. चांगला होता, मेहनत दिसत होती. पण त्यात ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर थेट राज्यघटनेवर उडी मारलीय आणि "संस्थापकांनी एकमताने देशाला राज्यघटना दिली" असं एक वाक्य आहे, ते काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. एकमत नव्हतं हो, अजिबात नव्हतं. उलट आज त्या घटनेतला जो भाग लोक उठता बसता सांगतात, ते बिल ऑफ राइट्स, म्हणजे नागरिकांच्या हक्कांची सनद, तो "नाही" म्हणणाऱ्यांनी अडून बसल्यामुळे आला.

मलाही हे उशिराच कळलं. इथे अमेरिकेत नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा शंभर प्रश्नांची यादी पाठ केली होती, भांडी घासताना, गाडीत, सगळीकडे तेच. तेव्हा अधिकारी त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की पास. त्यात एक प्रश्न होता, फेडरलिस्ट पेपर्स नावाच्या लेखमालेने घटनेला पाठिंबा दिला, तिच्या एका लेखकाचं नाव सांगा. मॅडिसन, हॅमिल्टन, जॉन जे, मी तिन्ही नावं घोकली. पण पाठिंबा द्यायची वेळ आली म्हणजे समोर कोणीतरी विरोध करत असणार ना? कोण होते ते? यादीत त्यांच्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. परीक्षा झाली, शपथ झाली आणि मग मी ते शोधायला बसले, ते अजून वाचतेच आहे.

आधी मधल्या वर्षांबद्दल, कारण ती गाळली तर भांडण कशावरून होतं तेच कळत नाही. तेरा राज्यांची पहिली व्यवस्था होती आर्टिकल्स ऑफ कन्फेडरेशन, ती १७८१ मध्ये लागू झाली. प्रत्येक राज्याला एक मत, देशाला वेगळा कार्यकारी प्रमुख नाही आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर लावायचा अधिकारच नाही. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे, राज्यांना जमलं तर ती देणार. डोक्यावर स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज. बाहेरून येणाऱ्या मालावर पाच टक्के जकात तरी लावू द्या म्हटलं तर एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि सगळंच बारगळलं, कारण करारात काहीही बदलायचं तर तेराच्या तेरा राज्यं हवीत. मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी उठले, त्यातले बरेच युद्धावरून परत आलेले सैनिक, हातात रोख पैसा नाही आणि कर मात्र रोखीत भरा म्हणतात, नाही भरला की जप्ती, म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडायला सुरुवात केली. डॅनियल शेज हा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर त्यांच्यावर तोफ डागली, चार जण गेले. सगळ्या राज्यांतली पैसेवाली आणि जमीनवाली मंडळी यानं हादरली. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात राज्यांच्या प्रतिनिधींची बैठक भरली, तिथेच घटना लिहिली गेली.

ही बैठक बंद दाराआड झाली, चार महिने, बाहेर अवाक्षर काढायचं नाही असा नियम. एकूण ५५ जण आले, शेवटी सह्या केल्या ३९ जणांनी. ऱ्होड आयलंडने तर कोणाला पाठवलंच नाही. बैठक संपायला पाच दिवस राहिले असताना, १२ सप्टेंबर १७८७ ला, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने सांगितलं की सुरुवातीला नागरिकांच्या हक्कांची सनद जोडूया, काही तासांत तयार होईल. हा माणूस उगाच बोलत नव्हता, ११ वर्षांपूर्वी व्हर्जिनियाची हक्कांची सनद त्यानेच लिहिली होती. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीने त्यासाठी समिती नेमायचा ठराव मांडला. मत झालं राज्यवार, आणि एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. लोक दमले होते, घरी जायचं होतं, हे मी समजू शकते, पण तरी वाईट वाटतं.

मेसनने मग सही केली नाही. मसुद्याची जी छापील प्रत प्रत्येकाला दिली होती तिच्याच कोऱ्या बाजूवर त्याने आपले आक्षेप लिहून काढले, आणि सुरुवातच अशी की यात हक्कांची सनद नाही. जॉर्ज वॉशिंग्टन त्याचा शेजारी आणि जुना स्नेही, त्या न केलेल्या सहीपायी तो स्नेह कायमचा आटला. एक इथेच सांगायला हवं, हाच मेसन गुलामांच्या व्यापाराला नारकी म्हणायचा आणि त्याच्या स्वतःच्या मळ्यावर मात्र गुलाम राबत होते. घटनेतही प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे तिथल्या लोकसभेच्या, जागा मोजताना गुलामांना तीन पंचमांश धरलं आणि १८०८ पर्यंत त्यांच्या व्यापारावर बंदी आणायची नाही असं लिहून ठेवलं. हक्कांचं भांडण करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बहुतेकांना त्या माणसांचे हक्क दिसत नव्हते, हे लपवून कोणाचंही कौतुक करू नये.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. घटना छापून बाहेर आली आणि भांडण गेलं वर्तमानपत्रांत. खरंच सांगते, अमेरिकेच्या घटनेवरची सगळ्यात मोठी चर्चा तुमच्या या सदरासारख्या सदरांतूनच झाली, टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांतून. ब्रूटस, केटो, फेडरल फार्मर, ही सगळी विरोधकांची नावं. न्यूयॉर्क जर्नलमध्ये ब्रूटसचं पहिलं पत्र आलं १८ ऑक्टोबर १७८७ ला. हॅमिल्टनचा पहिला फेडरलिस्ट लेख आला २७ ऑक्टोबरला, म्हणजे नऊ दिवसांनी. आपल्याला ८५ फेडरलिस्ट लेख माहीत आहेत, पण त्यातले कितीतरी समोरच्याला दिलेलं उत्तर म्हणून वाचले तरच नीट लागतात.

आणि ब्रूटस काय म्हणत होता ते जरा शांतपणे वाचा. तो म्हणतो, इतक्या मोठ्या देशात एकच सरकार असेल तर निवडून दिलेला माणूस लोकांना ओळखणार नाही आणि लोक त्याला ओळखणार नाहीत. काँग्रेसला "आवश्यक आणि योग्य" ते सगळे कायदे करायचा अधिकार दिलात तर राज्यांकडे हळूहळू काही उरणारच नाही. न्यायाधीश तहहयात, त्यांचा निकाल बदलणारं वर कोणी नाही, मग घटनेचा अर्थ शेवटी तेच ठरवणार. आज अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल लागला की टीव्हीवर जे वाद चालतात ते ऐकताना मला दरवेळी हा माणूस आठवतो. मॅडिसनने मोठ्या देशाच्या मुद्द्याला उत्तर दिलं, तेही तोडीस तोड, की देश मोठा असला तर गट पुष्कळ होतात आणि कुठलाही एक गट सगळ्यांच्या डोक्यावर बसू शकत नाही. मला स्वतःला इथे मॅडिसनचं पटतं. पण हक्कांच्या सनदेबद्दल हॅमिल्टनने ८४व्या लेखात जे लिहिलं, की सनद नकोच, उलट धोक्याची, जो अधिकार सरकारला दिलाच नाही तो वापरू नका असं कशाला लिहायचं, ते मला वकिली वाटतं, आणि तेव्हाच्या पुष्कळ लोकांनाही पटलं नाही.

विरोध फक्त कागदावर नव्हता. घटनेला एकेका राज्याची मंजुरी घ्यायची होती. पेन्सिल्व्हेनियाच्या विधानसभेत २९ सप्टेंबरला घाईघाईने मंजुरीची बैठक ठरवायची होती, विरोधक आलेच नाहीत, कोरमला, म्हणजे कामकाज चालायला, किमान ४६ हवेत आणि हजर ४४. मग जमावाने दोघांना त्यांच्या राहत्या जागेतून ओढत आणलं, कपडे फाटले, आणि सभागृहात बसवून ठेवलं. त्यातला एक म्हणत होता गैरहजेरीचा दंड घ्या पण मला जाऊ द्या. नाही सोडलं, कोरम भरला. आणि ब्रूटसला जागा देणारं जे न्यूयॉर्क जर्नल, त्याचा मालक थॉमस ग्रीनलीफ, त्याच्या छापखान्यात जुलै १७८८ मध्ये न्यूयॉर्कच्या मंजुरीची बातमी आल्यावर जमाव घुसला आणि छपाईच्या खिळ्यांची नासधूस केली. तुम्ही पेपर चालवता, याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

तरी हे लोक वाया गेले नाहीत, मंजुरीच्या मतदानाचे आकडेच बघा. मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, तेही "दुरुस्त्या करा" अशी शिफारस जोडल्यावर. व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९. न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. दहा-पंधरा माणसं इकडची तिकडे झाली असती तर काय झालं असतं? बॉस्टनच्या बाजूला मर्सी ओटिस वॉरन नावाच्या बाईंनी टोपणनावाने घटनेविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि पुढे कितीतरी वर्षं लोक ती गेरीची समजत होते. बाईने लिहिलं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढे पहिल्या काँग्रेसच्या निवडणुकीत मॅडिसनसमोर जेम्स मन्रो उभा राहिला, विरोधकांच्या बाजूचा. मॅडिसनला मतदारांना लेखी सांगावं लागलं की मी हक्कांच्या दुरुस्त्या आणीन. जिंकला १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी आणि दिलेला शब्द पाळला, ८ जून १७८९ ला दुरुस्त्या मांडल्या. त्यातून बारा दुरुस्त्या राज्यांकडे मंजुरीला गेल्या, दहा १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाल्या. उरलेल्या दोनपैकी एक, काँग्रेस सदस्यांच्या पगाराबद्दलची, तब्बल १९९२ मध्ये मंजूर झाली! म्हणजे भाषण, वर्तमानपत्र, धर्म, सभा यांचं स्वातंत्र्य आणि झडतीला वॉरंट पाहिजे ही अट, हे सगळं ज्यांनी मागून मागून मिळवलं त्यांना लेखात एक ओळ नाही.

माझी विनंती एवढीच की लेखमालेचा पुढचा भाग काढाल तेव्हा ब्रूटसचं पहिलं पत्र मराठीत छापा. मी भाषांतर करून द्यायला तयार आहे, मानधन नको, लांब आहे पण दोन भागांत बसेल. आणि ते "एकमताने" तेवढं दुरुस्त करा. सगळ्यात शेवटी आलं ऱ्होड आयलंड, २९ मे १७९० ला, तेव्हा वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं, आणि तिथलं मतदान होतं ३४ विरुद्ध ३२.

आपली,
एक नियमित वाचक