राणीच्या बागेत झाडंही पाहा

संपादक महोदय,

सुट्टीच्या दिवशी भायखळ्याच्या राणीच्या बागेत तिकिटासाठी भलीमोठी रांग लागते आणि बहुतेक मंडळी दारातून थेट पेंग्विनकडे धावतात. मुलांची हौस आहे, ती पुरवायलाच हवी. पण १८६२ साली ही बाग खुली झाली ती झाडांसाठी. प्राणी मागाहून आले. वर्गातली मुलं घेऊन मी अनेकदा तिथे गेले आहे. पुस्तकात वाचलेलं फूल डोक्यावर लोंबताना दिसलं की त्यांचे चेहरे कसे फुलतात, ते मी जवळून पाहिलंय.

कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. गोरखचिंचेचा बुंधा चार मुलांच्या कवेत मावत नाही. आणि उर्वशी! ब्रह्मदेशातलं हे झाड फुललं की लाल-गुलाबी फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. मुंबईत ही झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. तिला बी क्वचितच धरतं, त्यामुळे जुनं झाड गेलं तर आपोआप रुजलेलं रोप त्याची जागा घेईल, अशी आशा नको. गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून, रोपं आधीच तयार ठेवावी लागतात. बागेच्या व्यवस्थापनाने हे काम पुढच्या पावसाळ्यात जरूर हाती घ्यावं.

आणखी दोन मागण्या. जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती ऐसपैस मोकळी माती राहू द्यावी, तिथे फरशी किंवा सिमेंट नको. पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचली नाही तर शंभर वर्षांचं झाडही हळूहळू वाळतं. शिवाय प्रत्येक मोठ्या झाडाला ठळक मराठी पाटी हवी, नाव आणि मूळ देशासह. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी रविवारी सकाळी लोकांना झाडांची ओळख करून द्यायचं ठरवलं, तर मी आनंदाने सोबत येईन.

काही वर्षांपूर्वी बागेचा कायापालट करण्याची योजना पुढे आली, तेव्हा सामान्य नागरिकच या झाडांच्या बाजूने उभे राहिले होते. आता निदान तिकीट काढून ती नीट बघायला तरी यावं. खोडावर नावं कोरणाऱ्यांना तिथल्या तिथे टोकावं. पालकांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये, उर्वशीच्या बहरात, मुलांना आणावं. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही बघून होईल. फक्त बुधवारी येऊ नये, त्या दिवशी दोन्ही बंद असतात.

एक निवृत्त शिक्षिका,
चिंचपोकळी, मुंबई