शेठजींचा होन घेण्याआधी

जळगाव

प्रिय अप्पा,

तुझं पत्र काल मिळालं. धुळ्याच्या आपल्या जुनी नाणी विकणाऱ्या शेठजींनी तुला शिवराई होन, म्हणजे महाराजांच्या नावाचं सोन्याचं नाणं, दाखवलाय आणि कापसाचे पैसे हातात आले की तू तो उचलणार, हे वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. थांब भो जरा. आधी माझ्या शिवराईचं काय झालं ते ऐक.

उन्हाळ्यात त्यांनी मला तांब्याची एक शिवराई काढून दिली. "खास महाराजांच्या काळातली, तुमच्यासाठीच ठेवली होती." एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. साडेसहा हजार सांगितले, मी दिले. सारंगखेड्याच्या यात्रेत चादर अंथरून बसलेल्याकडून घेताना आपण नाणं चारदा उलटंपालटं करतो, कडेला ओतकामाच्या सांध्याची रेघ दिसते का, बारीक बुडबुडे आहेत का, सगळं बघतो. शेठजींकडे भिंग खिशातून बाहेरच येत नाही. तिथे बसायचं, चहा घ्यायचा, घरची खुशाली सांगायची आणि पैसे मोजायचे.

तिच्या मागच्या बाजूला हिरवा थर चढला होता. चिंच लावून घासणं मला पटत नाही (तू घासतोस, माहीत आहे), म्हणून तेलात बुडवून ठेवली आणि विसरून गेलो. पावसाळ्यात वाटी काढली तर थर सुटलेला आणि 'छत्र' नि 'पति' यांच्या मधोमध दोन आडव्या रेघा स्पष्ट. दुदांडी, म्हणजे दोन रेघांची शिवराई! पेशवाईतली. तीसुद्धा खरीच शिवराई, बनावट नव्हे, पण शे-दोनशेला पाहिजे तेवढ्या मिळतात.

घोळ होण्यासारखंच हे नाणं आहे म्हणा. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनची ही नाणी, पण महाराजांनंतरही त्यांच्याच नावाने ती पडत राहिली. पेशवाई आली तरी मजकूर तोच. वर ना सालाचा आकडा, ना टांकसाळीचं नाव. त्यामुळे अक्षरांचं वळण, ठिपक्यांचं कडं, रेघा, वजन, एवढ्यावरच काळ ठरवायचा. तांबं झिजलेलं असेल तर तेही नीट दिसत नाही.

मी शेठजींकडे गेलो. रेघा दाखवल्या. भिंग लावून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "भाऊ, तुम्हाले फसवीन का मी? शिवराई म्हणजे शिवकालीनच ना!" आणि अप्पा, ते मनापासून बोलत होते, हीच तर पंचाईत. लबाड माणूस असता तर दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

माझं मत असं झालंय की शेठजींचा हात चांदीवर बसलेला आहे. चांदवडच्या टांकसाळीचा होळकरांचा रुपया ते हातात घेताक्षणी ओळखतात. १८६२ चा राणीछाप रुपया तर ते न बघता, नुसत्या आवाजावरून निवडतात. त्यात इतक्या वर्षांत कधी उणं निघालं नाही. तांबं मात्र त्यांच्याकडे मोडीतून किलोवर येतं आणि त्यातून जे बरं दिसेल ते 'शिवकालीन'. आपण चांदीवरचा विश्वास त्यांच्या तांब्यालाही लावून टाकला. थर सुटेपर्यंत सांगता येत नाही, एवढं तरी त्यांनी म्हणायला हवं होतं. रोख परत दिली नाही. बदल्यात चांदीचे रुपये घ्या म्हणाले, तेही आजच्या चढ्या भावाने. मी तीन घेतले. हिशेब काही जुळला नाही, पण ते रुपये खरे आहेत.

आता तुझा होन. मजकूर तोच, फक्त धातू सोन्याचा. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असायला हवं. अस्सल होन फारच थोडे उरलेत. ते एखाद्या दुकानाच्या गल्ल्यातून सहज निघतात, यावर माझा विश्वास बसत नाही. तू लिहितोस की तिथल्या सराफाकडून कस लावून घेतलास, सोनं चोख निघालं. अरे, सोनं चोख असणारच! आजचं चोख सोनं घेऊन त्यावर उद्या छाप मारला तरी सराफाचा कस तेच सांगेल. काळ सांगणं हे त्याचं काम नाही. आणि शेठजींनी आयुष्यात आजवर किती होन हाताळले असतील? हे त्यांनाच विचार, सरळ विचार, रागावणार नाहीत.

तेव्हा पैसे देऊ नकोस. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो उजेडात काढून पाठव, सोबत वजनही लिही. आणि शेठजींना म्हणावं, 'शिवकालीन' हा शब्द पावतीवर लिहून सही करा, नाही निघाला तर रोख परत. कच्च्या चिठ्ठीवर चालणार नाही. माझ्याकडे तर तीही नव्हती.

कापसाला भाव काय लागला ते लिहिलंच नाहीस. आणि होनाची किंमत वहिनींच्या कानावर घातली नसशील, तर माझं उत्तर येईपर्यंत घालू नकोस.

तुझा,
बापू