बंड्या, सावकाश चालू

सातारा,
अनंत चतुर्दशी

प्रिय बंड्या,

तुझं पत्र परवा आलं. सगळं वाचलं, पण "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझे डोंगर संपले" या वाक्याशी अडकलो. रात्री दिवा मालवल्यावरही तेच डोक्यात फिरत होतं. ते मी मान्य करणार नाही. डॉक्टरांनी तुला तासभर सपाटीवर चालायला सांगितलंय, कठड्याला धरून थोड्या पायऱ्याही चालतात म्हणून तूच लिहिलंयस. एवढं पुरतं रे. घटस्थापनेच्या आधी चार-पाच दिवस काढून ये.

शाळेत असताना आपण हे सगळे डोंगर पळत चढलो. किल्ल्यावर आधी कोण पोचतो, यापलीकडे आपल्याला काही दिसायचं नाही. गेली सहा वर्षं मी रोज सकाळी चालतोय, तेही हळू, आणि आपल्या गावाचं पाणी कुठून येतं, वाटा कुठून येतात, हे मला आत्ता कळायला लागलंय. ते तुला दाखवायचंय. फोनवर सांगून जमत नाही.

पहिल्या दिवशी लांब कुठे नाही. समर्थ मंदिरावरून पुढे यवतेश्वराच्या पायथ्याला महादरे. आपण तिथे पोहायला जायचो त्या तळ्याला लागूनच हत्तीतळं आहे, राजघराण्याचे हत्ती तिथे धुवायला न्यायचे. हा सगळा भाग आता फुलपाखरांसाठी राखीव आहे. भाद्रपदात ऊन पडलं की ओल्या मातीवर ती थव्यानं बसतात. वाट जवळजवळ सपाट, झाडी दाट. वर घाटात चढायची गरज नाही. खालूनच सांगतो तुला, या डोंगराच्या पलीकडे कासचा तलाव, आणि त्याचं पाणी पंप न लावता नुसत्या उतारानं शहरात येतं. आपल्या जुन्या घराच्या हौदात पडायचं ते हेच पाणी, बंड्या. आपण ते प्यायलो आणि कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंब. यासाठी पूर्ण सकाळ ठेवलीय, कारण मला सगळ्यात जास्त ओढ तिथलीच आहे. साताऱ्यापासून सोळाएक किलोमीटर, गाडीनं गावापर्यंत जायचं आणि तिथून उसाच्या शेतांमधून चालत बारा मोटांच्या विहिरीवर. लांबून काहीच दिसत नाही. जमिनीच्या पोटात बांधलेला वाडाच आहे तो. रुंद पायऱ्या उतरून आत गेलं की कमानीखाली गारवा लागतो आणि आवाज एकदम बसतो. अष्टकोनी विहीर, व्यास पन्नास फूट, खोली एकशे दहा फुटांच्या आसपास. वरून पाहिली तर आकार शिवलिंगासारखा. थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईसाहेबांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, शिलालेखात शके १६४१ आणि १६४६ कोरलेत. आमराईला पाणी द्यायला एवढी विहीर! दगडात कोरलेल्या वाघांपाशी थांब जरा, आणि मग वर ये, मोटा जिथे बसवत त्या जागा दाखवतो. माझ्या आजोबांच्या मळ्यात मोट होती, तुला आठवत असेल. बैल धावेवरून उतरायचे, मोट थारोळ्यात ओतली की भक्कन आवाज व्हायचा. तसल्या बारा मोटा एका वेळी चालत असतील तेव्हा या काठावर काय गलका असेल! दर वेळी तिथे उभा राहिलो की तो आवाज ऐकायचा प्रयत्न करतो.

पायऱ्या उतरताना घाई करू नकोस. वरच्या दालनातूनही आतलं पाणी छान दिसतं, गुडघा कुरकुरला तर तिथेच बसू. मग कृष्णाकाठी कोटेश्वराला. नदीच्या पात्रातलं देऊळ, पाण्याला जोर नसेल तरच पलीकडे जायचं, नाहीतर काठावर डबा उघडायचा. भाकरी आणि महाद्या करून द्यायचं आमच्या हिनं आधीच कबूल केलंय.

अजिंक्यताऱ्यावर तू चढून जायचं नाहीस. गाडी दरवाजाजवळपर्यंत जाते. मला ठाऊक आहे, तुला हे कमीपणाचं वाटेल. पण वर गेल्यावर तटाच्या कडेनं सपाटीवरची फेरी आपण पायीच करायची, सूर्य उगवताना. मंगळाईच्या देवळापाशी आलास की खाली सगळं गाव दिसतं: राजवाडा, पेठा, मंगळवार तळं. समोर यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर, हवा स्वच्छ असेल तर नांदगिरी आणि चंदन-वंदनही. १६९९च्या अखेरीस खुद्द औरंगजेब या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार-साडेचार महिने झुंजवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवला, तेव्हा उडालेला कडा उलटून त्यांच्याच फौजेवर कोसळला. शाळेत हे आपण पाठ केलं होतं, पण तटावरून खालची उतरण बघताना अंगावर काटा येतो, तो पाठांतरानं कधी आला नव्हता. आणि आठच वर्षांनी, जानेवारी १७०८ मध्ये, मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. उतरताना चार भिंतींपाशी थांबू. तिथल्या कट्ट्यावर आपण दहावीचा अभ्यास करायचो.

कासच्या पठारावर शनिवार-रविवारी मुळीच जायचं नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर, आधी बुकिंग करून. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा नुसता पापुद्रा, म्हणून मोठी झाडं नाहीत आणि म्हणूनच ही फुलं. तेरडा, गेंद, निळी सीतेची आसवं. ही आसवं आणि दवबिंदू किडे पकडून खातात, कारण त्या मातीत त्यांना पुरेसा कस मिळत नाही. एवढंसं फूल आणि केवढी जगायची धडपड! वाकून बघ, पण पाय वाटेवरच ठेव. लोक फोटोसाठी फुलांत लोळतात ते पाहून मला फार वाईट वाटतं. ताकद उरली तर जुन्या राजमार्गानं कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत जाऊ, तो रस्ता मऊ आणि सरळ आहे. दमलास तर परत फिरू.

पाटेश्वर मात्र या वेळी नाही. माझ्या फार जवळची जागा आहे ती, पुष्करणी आणि गुहांमधली नाना तऱ्हांची शिवलिंगं तुला दाखवायची होती. पण पावसानंतर तिथल्या दगडांवर शेवाळं असतं. दोन वर्षांपूर्वी मी तिथे घसरलो आणि मनगट मोडलं. डावा हात अजून पूर्ण वळत नाही. तुला मी माघात नेईन, दगड कोरडे झाले की.

शेवटच्या दिवशी सज्जनगडावर. पायऱ्या आहेत, पण रुंद, आणि गाडीतळापासून दीड-दोनशेच्या आतबाहेर. वीस पायऱ्या चढायच्या, मागे वळून उरमोडीचं पाणी बघायचं, पुन्हा वीस. समर्थांची समाधी, मग धाब्याच्या मारुतीपर्यंत सपाटीवरून. दुपारच्या पंगतीला बसू. तुझी आई दासनवमीला गडावर यायची आणि येताना आपल्यासाठी तिथला प्रसाद आणायची, ते मी विसरलेलो नाही. तिच्यासाठीच तू या पायऱ्या चढशील असं मला वाटतं.

महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढ, नागपूरहून गाडी बदलावी लागत नाही. तळव्याला पकड असलेले बूट आण, नवे नकोत, वापरातले. काठी मी इथे काढून ठेवलीय. स्टेशन माहुलीतच आहे, तेव्हा घरी जायच्या आधी सामान गाडीत ठेवून संगमावर जाऊ. विश्वेश्वराच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की कृष्णा आणि वेण्णा एकमेकींत मिसळताना दिसतात. जवळच शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. लहानपणी तू तिच्यावर फुलं ठेवायचास. या वेळी मी फुलं घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार. तारीख लगेच कळव.

तुझाच,
मधू